जमिनीचा शब्बाथ



2019 साली अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या ठिकाणी मलिदा करून आम्ही दिल्लीमार्गे परत येत होतो. 2018 च्या मार्च महिन्यात एअर इंडियाचे विमान पहिल्यांदाच सौदी अरेबियाच्या आकाशातून तेल अवीवला आले. त्याआधी तो रस्ता बंद होता. रात्रीची वेळ होती. शेजारपाजारचे उतारू घोरत होते. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमानाचे चिन्ह रियाधच्या बाजूने सरकत होते, ते पाहता पाहता आम्हांस अल खर्ज आठवले. रियाधच्या आग्नेयेस सुमारे 80 किलोमीटरवर, वाळवंटात असूनही पाण्यासाठी आणि शेतीसाठी नावाजलेले हे गाव. खाली काळोख होता, दिसले काहीच नाही. पण घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच विषय घोळत राहिला. तो आता लिहून काढीत आहोत.

अल खर्जचा आणि आपल्या धर्माज्ञांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. इस्राएलात जन्मलेली आपली नातवंडे तर हसतील. कारण दोन गोष्टींचा मेळ बसेना, की इब्रीत असेच म्हणण्याची रीत आहे, की श्मितेचा सीनाय पर्वताशी काय संबंध? हा प्रश्न रशींच्या टीकेत येतो. लेवीयच्या 25 व्या अध्यायात, सहा वर्षे पेरा आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, ही आज्ञा सीनायवर दिली असे मुद्दाम सांगितले आहे. त्या सातव्या वर्षाला श्मिता म्हणतात. आता आज्ञा तर सगळ्याच सीनायवरच्या, मग हिच्याच बाबतीत तो उल्लेख कशाला? रशी सांगतात की, या आज्ञेची बारीकसारीक कलमे जशी सीनायवरची, तशीच बाकीच्या सर्व आज्ञांचीही, हे कळावे म्हणून. उत्तर विद्वानाला शोभणारे आहे. आम्ही पडलो रुग्णालयात आयुष्य काढलेल्या परिचारिका. आम्हांस ती आज्ञा समजायला कोकणातला एक बैल आणि अल खर्जची एक विहीर लागली.

बैलापासून सुरुवात करू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली. परंपरेप्रमाणे तो काळ ख्रिस्ती सनापूर्वी 175 च्या सुमाराचा. संशोधक निरनिराळे काळ सांगतात, त्या वादात येथे शिरत नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, पुढे इब्री भाषाही गेली. उरले ते शेमा, सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी, काही सण आणि उपास, आणि शनिवार. पोटासाठी तेलाचा धंदा धरला, पण शनिवारी घाणा फिरवायचा नाही. म्हणून गावाने आपल्याला शनिवार तेली म्हटले. सोमवार हा शंकराचा वार म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाच्या दृष्टीने दोघेही तेलीच, फक्त सुट्टीचा वार निराळा. कोणी कोणाला त्याचा जाब विचारला नाही, हे कोकणचे मोठेपण.

बाहेरच्या लोकांनीही आपल्याला याच खुणेवर ओळखले. 1738 साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएलांविषयी लिहून ठेवले, की त्यांच्याजवळ पवित्र शास्त्र नाही, मात्र शेमा ठाऊक आहे. 1768 साली कोचीनचे एझकिएल राहाबी यांनी हॉलंडला पत्र लिहिले, त्यातही हेच: हे लोक तेल गाळतात, शेमा म्हणतात आणि शब्बाथ पाळतात. हाईम शमुएल केहिमकर यांनी आपला इतिहास 1897 साली लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 साली, आणि तोही तेल अवीवला. म्हणजे आपण मोठ्या संख्येने येथे येण्यापूर्वीच आपला इतिहास येथे येऊन बसला होता, उघडून पाहणारे थोडे होते इतकेच.

आता घाणा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उखळासारखा मोठा घाणा, त्यात उभी लाट, लाटेला जोडलेला बैल. बैलाच्या डोळ्यांना झापडे. तीळ, खोबरे, दिव्यासाठी उंडी, जे काही घातले असेल ते चिरडून तेल खाली आणि पेंड मागे. बैल दिवसभर तेवढ्याच गोलात चालतो. आमची आजी तिच्या आजोबांच्या घरचे सांगे, की शुक्रवारी दिवे लागण्याआधी बैलाची झापडे काढीत, ती रविवारी सकाळपर्यंत पुन्हा बांधीत नसत. शनिवारी बैल दावणीला नाही, मोकळा माळावर चरायला. घरातली पोरेसुद्धा त्याच्या मागे काठी घेऊन जायची नाहीत. ‘तो आज पाहुणा आहे,’ असे आजोबा म्हणत.

आम्ही हे ऐकले तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होतो. म्हातारीची गोष्ट म्हणून सोडून दिली. इस्राएलात आल्यावर, इब्री जरा वाचता येऊ लागल्यावर, निर्गमच्या 23 व्या अध्यायावरची रशींची टीप वाचनात आली. त्या अध्यायात शब्बाथाचा उद्देश सांगताना तुझा बैल आणि तुझे गाढव यांना विसावा मिळावा, असे प्रथम येते. दासीचा मुलगा आणि परका यांची नावे त्यानंतर. रशी त्यावर म्हणतात, की विसावा म्हणजे जनावराला गवत खाऊ द्यावे, मोकळे चरू द्यावे. घरात कोंडून ठेवणे हा विसावा नव्हे, तो जाच आहे. टीप वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. अकराव्या शतकातल्या फ्रान्समधले रशी आणि कोकणातले आमचे खापरपणजोबा! त्यांची गाठ पडण्याचा काहीच मार्ग नव्हता. अर्थ मात्र दोघांनी एकच काढला.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मिश्नेत शब्बाथाच्या दिवशी वर्ज्य असलेली 39 प्रकारची कामे मोजून दिली आहेत. तेल गाळणे त्यांतल्या मळणीच्या कामाखाली येते, कारण दोन्हींत दाण्यातून हवा तो भाग वेगळा काढला जातो. मिश्नेचे संकलन झाले इसवी सन 200 च्या सुमारास. आपल्या तेल्यांना त्या यादीचा पत्ता असण्याचे कारण नाही. पण जनावराचा विसावा त्या 39 मध्ये मोडत नाही. ती स्वतंत्र आज्ञा, थेट तोरेतली, कोणा पंडिताने मागाहून जोडलेली नव्हे. म्हणजे आपल्या लोकांजवळ जे उरले होते, ते उष्टेमाष्टे नव्हते, गाभ्यातले होते. हे आम्ही अभिमानाने म्हणतो, आणि अभिमानाला कारण आहे.

ते कारण जुन्या मंडळींना ठाऊक आहे. 1961 साली येथील मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाह करण्यास हरकत नाही असे ठरवले, आणि 1962 साली निघालेल्या सूचनांत मात्र आपल्या वधूवरांच्या आधीच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात असे सांगितले. शंका होती ती आपल्या जुन्या घटस्फोटांविषयी आणि विधवाविवाहांविषयी, ते शास्त्राप्रमाणे झाले की नाही याची. आपली माणसे येरुशलेमच्या रस्त्यावर उतरली. 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि त्या सूचनांतून आपल्या जमातीचे नाव काढले गेले. आम्ही येथे आलो तेव्हा हे सर्व होऊन गेलेले होते. तरी शेजारच्या एक मावशी त्याविषयी बोलताना अजून पदराने डोळे पुसत. त्या म्हणायच्या, ‘आम्हांला विचारलं, कायदा माहीत होता का? बैलाला विचारायचं होतं.’

आता श्मितेकडे वळू. आपल्या कोकणात ही आज्ञा कोणी पाळली नाही, आणि त्यात दोष नाही. ती इस्राएलच्या भूमीपुरती आहे. आपल्यापैकी ज्यांच्या भातखाचरे होती, ते शेजारच्या आगरी-कुणब्यांप्रमाणेच शेती करीत. पण डोंगरउतारावरची वरकस जमीन आठवून पाहा. काही वर्षे नाचणी, वरी, मग तीळ किंवा कारळे, आणि पुढे ती जमीन काही वर्षे पड टाकायची. कोणी धर्म म्हणून नव्हे. जमीन दमते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बेने इस्राएल पोराला शब्बाथ घरात शिकायला मिळे आणि पड जमीन वाटेवर दिसे. दोघांची सांगड कोणी घालून दिली नाही एवढेच.

आम्ही लोदला उतरलो ते 1979 च्या सप्टेंबरात, रोश हशानाच्या तोंडावर. वय एकोणीस, शालान्त परीक्षा झालेली, इब्रीची चार वाक्ये पाठ. सुरू होणारे वर्ष 5740, सातने निःशेष भागले जाणारे, म्हणजे श्मिता. पहिल्याच महिन्यात भाजीवाल्याच्या दुकानात छापील कागद लटकलेला दिसला: ही भाजी कोणत्या परवानगीने पिकवली, कोणाच्या देखरेखीखाली विकली. आई चक्रावली. ‘भाजीलासुद्धा दाखला लागतो का गं इथे?’ आम्ही चौकशी करून तिला समजावले, की श्मितेच्या वर्षापुरती जमीन कागदोपत्री गैरयहुदी माणसाला विकतात, म्हणजे तिच्यावर नांगर चालवता येतो. या सोयीला हेतेर मेखिरा म्हणतात. आईने हातातली वांगी परत ठेवली. ‘म्हणजे देवाला सांगायचं जमीन आमची नव्हे, आणि पेरायची आम्हीच!’ मग थोडा वेळ विचार करून वांगी पुन्हा पिशवीत घातली, कारण घरात दुसरे काही नव्हते.

आईची ती दोन्ही कृत्ये म्हणजे श्मितेचा सगळा इतिहास आहे. अनुवादाच्या 15 व्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जे सोडून देण्याची आज्ञा आहे, आणि ते वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने द्यायला हात आखडू नकोस, अशी ताकीदही. लोकांनी हात आखडलेच. तेव्हा हिल्लेल यांनी प्रोझबुलचा दस्तऐवज काढला. कर्ज न्यायसभेकडे सोपवायचे, म्हणजे ते बुडत नाही आणि गरिबाला उसनवारी मिळत राहते. कागदाची युक्ती तेव्हापासूनची. पण युक्ती न करताही लोकांनी ही आज्ञा पाळली, आणि त्याची किंमत मोजली. मक्काबींच्या लढाईत बेथ-सूरच्या शिबंदीला किल्ला सोडावा लागला, कारण श्मितेचे वर्ष असल्याने कोठारात धान्य नव्हते. योसेफस लिहितो, की ज्युलियस सीझरने यहुदियाला सातव्या वर्षाचा कर माफ केला, कारण त्या वर्षी ते ना पेरतात ना झाडांचे फळ उतरवतात. रोमच्या सत्ताधीशालाही हिशेबात धरावे लागे, एवढे ते खरे होते.

मग भूमी गेली आणि आज्ञा पोथीत राहिली. 1880 च्या सुमारास पुन्हा नांगर धरणारे यहुदी येथे आले. पेताह तिकवा 1878 ची, रिशोन लेत्सियोन 1882 ची. 1888-89 हे त्यांचे श्मितेचे वर्ष आले तेव्हा वसाहती कोवळ्या होत्या. एक वर्ष पेरले नाही तर पुढल्या वर्षी पेरायला माणूस उरणार नाही, अशी अवस्था. तेव्हा युरोपातल्या काही थोर रब्बींनी, त्यांत कोवनोचे यित्सहाक एल्हानन स्पेक्टर होते, विक्रीची परवानगी दिली. येरुशलेमच्या अश्केनाझी रब्बींनी कडाडून विरोध केला. 1909 साली रब्बी कूक यांनी ‘शब्बाथ हाआरेत्स’ हा ग्रंथ लिहून ती परवानगी उचलून धरली. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी श्मितेचे असे काही गुणगान केले आहे, की वाचणाऱ्याला वाटावे, हा गृहस्थ सोय देतो आहे आणि रडतोही आहे. त्यांचा मुद्दा असा, की माणसाला जे शब्बाथ करतो तेच राष्ट्राला श्मिता करते; रोजच्या धावपळीत झाकला गेलेला आतला चांगुलपणा वर यायला वेळ देते. आम्हांस हे पटते. रुग्णालयात आम्ही असंख्य शब्बाथांना काम केले, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो. पण मोडण्याची सवय झाली की काय हरवते, तेही त्याच पाळ्यांत कळले.

आता अल खर्ज.

अलिबागच्या शाळेत आमच्या बाकावर बसणारी एक मैत्रीण होती, कोकणी मुसलमान घरातली. दोन्ही घरे एकमेकांना परकी नव्हतीच; तिच्या घरी मशीद, आपल्याकडेही जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत. आम्ही इकडे येऊन परिचारिका झालो, ती मुंबईला शिकून परिचारिका झाली, आणि 1984 साली नोकरीला अल खर्जला गेली. सौदीतून इस्राएलला पत्र येत नसे. ती अलिबागला आपल्या अम्मीला लिही, अम्मी ते पत्र दुसऱ्या पाकिटात घालून आम्हांस पाठवी. आमचे उत्तरही असेच वळसा घेऊन जाई. एका पत्राला कधी दोन महिने लागत. 1991 च्या जानेवारीत सद्दामची क्षेपणास्त्रे रियाधवरही पडत होती आणि तेल अवीववरही; ती तिकडे सायरन ऐकत होती, आम्ही इकडे रुग्णालयात तोंडावर वायूचे मुखवटे चढवून. दोघींनी एकाच आठवड्यात अम्मीला पत्र टाकले, आणि दोघींनी एकमेकींचीच चौकशी केली.

तिच्या पत्रांत अल खर्जच्या विहिरींविषयी पुष्कळ असे. विहिरी म्हणायचे, पण त्या माणसाने खणलेल्या नव्हेत. भूगर्भातला खडक पाण्याने विरघळून वरचे छत कोसळले, आणि प्रचंड खोल कुंडे तयार झाली, पाण्याने भरलेली. अरबीत त्यांना ऐन म्हणतात: ऐन अल-दिला, ऐन समहा, ऐन उम्म खिसा. आपल्या इब्रीतला अयिन तो हाच शब्द. दोन्ही भाषांत डोळा आणि झरा यांना एकच नाव. 1918 साली इंग्रज प्रवासी फिल्बी तेथून गेला आणि त्याने या कुंडांचे वर्णन छापले. त्याच्याही कितीतरी आधीपासून जमिनीखालून पाट काढून तेथे शेती होत आली होती.

पाट आपल्या उतारानेच चालतो. त्याला जेवढे पाणी मिळते तेवढेच तो देतो. इंजिनाच्या पंपाचे तसे नाही. राजा अब्दुल अझीझ यांच्या कारकिर्दीत, 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून, या कुंडांवर पंप बसवून सरकारी शेती सुरू झाली. 1942 साली कार्ल ट्विचेल यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन शेतीतज्ज्ञांचे मंडळ देशात येऊन पाहणी करून गेले. पुढे काही वर्षे ही शेती अराम्को या तेल कंपनीने सांभाळली. आम्ही तेली, म्हणून सांगतो: तेथेही तेलवाल्यांनीच घाणा चालवला, बैल मात्र जमिनीखालचा होता.

1970 नंतर तेलाचा पैसा आला आणि खोल कूपनलिका आल्या. मध्यभागी खुंटा, त्याभोवती फिरणारा लांबलचक नळ, आणि त्याने भिजवलेली गोल शेते, अशी ही नवी पद्धत. मैत्रिणीने लिहिले होते, ‘घाण्यासारखंच आहे बघ, रात्रंदिवस गोल गोल.’ सरकार गहू जगातल्या भावाच्या कितीतरी पट देऊन विकत घेई. 1992 साली सौदी अरेबियात 40 लाख टनांहून अधिक गहू पिकला. पावसावाचूनचा देश गहू परदेशी पाठवू लागला. अल खर्जच्या परिसरात गाईगुरांचे मोठमोठे तबेले उभे राहिले. तेथल्या अल साफी दुग्धशाळेची 1998 साली जगातली सर्वांत मोठी एकत्रित दुग्धशाळा म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. सावलीला छपरे, अंगावर पाण्याचे तुषार, आणि वैरणीला लसूणघास, जो वर्षातून अनेक वेळा कापता येतो. कापला की पुन्हा पाणी. त्या जमिनीला मोकळा हंगाम म्हणून नव्हताच.

पाणी मात्र पावसाचे नव्हते. हजारो वर्षांपूर्वी, वाळवंट हिरवे असताना, खडकात मुरून राहिलेले ते पाणी. मैत्रिणीच्या वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ होते. ते सांगत, की लहानपणी पोरे कुंडाच्या काठावरून सरळ पाण्यात उडी मारीत. ती शुक्रवारच्या सुट्टीत पाहायला गेली तेव्हा पाणी बरेच खाली गेले होते. पुढच्या काही वर्षांत कुंडे कोरडी पडली. तिने लिहिले, ‘काठावर उभं राहवत नाही. डोळा काढून घेतल्यासारखं दिसतं.’ तिला इब्री येत नव्हते. अरबी चांगले येत होते.

2008 साली सौदी सरकारने गव्हाची खरेदी दर वर्षी कमी करत नेण्याचे ठरवले आणि 2016 साली ती बंद झाली. मागाहून लहान शेतकऱ्यांना थोडी मोकळीक दिली. 2015 च्या अखेरीस हिरव्या वैरणीची लागवडही टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय झाला. तबेले राहिले, वैरण परदेशातून येऊ लागली. अलमराई या मोठ्या दुग्धकंपनीने 2014 साली अमेरिकेत ॲरिझोनाला जमीन घेतली, आणि आता तेथल्या विहिरींवरून तंटे सुरू आहेत.

हे लिहिताना दुसऱ्याच्या घरातले उणे काढण्याचा हेतू नाही. आपला मृत समुद्र दर वर्षी सुमारे एक मीटरने खाली जातो आहे, आणि त्याला आपण व आपले शेजारी, सगळेच कारण आहोत. किनाऱ्यालगतच्या आपल्या विहिरींत खारे पाणी शिरले, तेही उपशामुळेच. श्मिता जाहीर करणाऱ्या देशात हे झाले. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर अल खर्जला श्मिता पाळली असती तरी ती कुंडे वाचली नसती. सातांतले एक वर्ष पंप थांबवून हजारो वर्षांचे पाणी भरून येत नाही. म्हणून कोणी जर म्हणेल, की पाहा, तोरेतली आज्ञा म्हणजे आजचे पर्यावरणशास्त्र, तर आम्ही सहमत नाही. हल्ली असे लिहिण्याची टूम आहे. हा वाद तसा जुनाच. रंबम ‘मोरे नेवुखीम’मध्ये सांगतात, की जमीन पड टाकल्याने तिचा कस वाढतो आणि गरिबांवर दया होते, हे श्मितेचे कारण. प्रागचे रब्बी एफ्राइम लुन्चित्स, ज्यांना क्ली याकार म्हणतात, हे कारण मान्य करीत नाहीत. जमिनीचा कस हेच कारण असते, तर न पाळल्याबद्दल देशोधडीला लागण्याची शिक्षा कशाला? कस गेला असता, पीक कमी आले असते, तेवढी शिक्षा पुरे होती. त्यांच्या मते आज्ञा आहे ती विश्वास शिकवण्यासाठी, जमिनीचा मालक आपण नव्हे हे हाडात मुरवण्यासाठी.

आम्ही क्ली याकारच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण लेवीयच्या 25 व्या अध्यायातच आहे. सातव्या वर्षी खावे काय, हा लोकांचा प्रश्न तेथे आधीच धरला आहे आणि सहाव्या वर्षाच्या भरभराटीचे वचन दिले आहे. त्याच्याच पाठोपाठ परमेश्वर म्हणतो, की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि बिऱ्हाडकरू. हे वाक्य आपल्या जमातीइतके कोणाला कळावे? दोन हजार वर्षे आपण कोकणात बिऱ्हाडकरूच होतो, आणि चांगले बिऱ्हाडकरू होतो. भांडी घासून, अंगण झाडून, घर सोडले.

पुढच्याच अध्यायात सांगितले आहे, की तुम्ही विसावा दिला नाही तर तुम्ही शत्रूच्या देशात असताना जमीन आपला राहिलेला विसावा घेईल. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस बाबेलच्या 70 वर्षांचा हिशेब तसाच मांडला आहे. लहानपणी हे आम्हांस शापासारखे वाटे. परिचारिका झाल्यावर तसे वाटेनासे झाले. जो रोगी विश्रांती घेत नाही त्याला शरीर आडवे पाडते. ती शिक्षा नसते, थकबाकी असते. अल खर्जची गोल शेते तशीच पडून आहेत असे मैत्रिणीने शेवटच्या मुक्कामात पाहिले; सगळी नव्हेत, काही. ती 2012 साली निवृत्त होऊन अलिबागला परतली.

गेल्या श्मितेच्या वर्षी, 5782 मध्ये, म्हणजे 2021 च्या सप्टेंबरापासून, कोरोनामुळे जाणेयेणे बंदच होते. आता पत्रे नाहीत, फोनवर तोंड दिसते. आमच्या सज्जात अलिबागच्या बियांपासून वाढवलेला कढीपत्ता आहे, मोठ्या कुंडीत, तळाला भोक असलेल्या. शेजारच्या रब्बींना विचारले तेव्हा ते म्हणाले, उघड्या सज्जातली अशी कुंडी जमिनीसारखीच धरावी. झाड जगेल इतके पाणी घाला, वाढावे म्हणून छाटू नका, आणि कोणी पाने मागितली तर आपली समजून अडवू नका. मैत्रिणीला हे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, ‘तुमच्या खापरपणजोबांचा बैल आला वाटतं कुंडीत.’

वर्षभर छाटला नाही. वेडावाकडा वाढला, एक फांदी खिडकीतून आत आली. इमारतीतल्या बायका, त्यांत एक मोरोक्कोची आणि एक इथिओपियाची, येऊन पाने तोडून नेत, आम्ही घरी नसलो तरी. दाराला कुलूप लावीत नव्हतो. मोरोक्कोची शेजारीण ती पाने कशात घालते ते आम्ही विचारले नाही. पुढची श्मिता 5789 ची, 2028 च्या सप्टेंबरात सुरू होईल. त्याआधी कुंडी बदलायला हवी. मुळे भोकातून बाहेर आली आहेत.